सहा भाडेकरूंची रिकामी खोली

मोहाडीत भैय्यालाल निपानेच्या घरी एक खोली भाड्याने दिलेली होती आणि तिच्यात सहा भाडेकरू होते. सहा वर्षांत त्यातला एकही जण तिथे एक रात्र झोपला नव्हता. दाराशी कोणाची चप्पल दिसली नाही, दोरीवर कोणाचा टॉवेल वाळला नाही. तरी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भैय्यालाल भाड्याच्या सहा पावत्या फाडायचा आणि चहाटपरीवर जाऊन, भाडेकरू ठेवणं म्हणजे काय डोकेदुखी असते ते लोकांना समजावून सांगायचा.

सहाही जण मोहाडीतल्याच एका सरकारी कार्यालयातले. नोकरीच्या गावी राहिलं तरच घरभाडे भत्ता मिळेल, असा नियम होता. हे सहा जण राहायचे भंडाऱ्याला आणि नागपूरला. सकाळच्या बसने यायचे, पाचच्या ठोक्याला बसस्टॉपवर हजर असायचे. मोहाडीत राहण्याची त्यांची इच्छा नव्हती आणि भत्ता सोडण्याचीही नव्हती. मग अंकुश बोरकर नावाच्या कारकुनाने भैय्यालालला हेरलं. पावती आणि करारनामा एवढंच पाहिजे होतं, त्याबद्दल महिन्याला थोडे पैसे. भैय्यालालने विचार करायला एक दिवस मागून घेतला, कारण लगेच हो म्हणणं घरमालकाला शोभत नाही असं त्याचं मत होतं. अंकुशच्या मागोमाग बाकीचे पाच आले. सहाही करारनाम्यांत तीच एक खोली होती, दहा बाय पंधराची, आणि प्रत्येक करारनाम्यात भाडेकरू सहकुटुंब राहतो असं लिहिलं होतं.

त्या खोलीत प्रत्यक्षात होता तो माग. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्यात पाय सोडून विणायचं, असा कोष्ट्यांच्या घरचा जुना खड्डामाग. त्यावर भैय्यालालची बायको दुर्गाबाई करवती किनारीच्या कोसा साड्या विणायची. किनारीला दुसरा माणूस लागतो, म्हणून शेजारची सखाबाई तिच्या शेजारी बसून आडव्या धाग्याचा धोटा झेलायची.

घर दुर्गाबाईच्या बापाचं, देवाजीचं. देवाजीला मुलगा नव्हता. भैय्यालाल घरजावई म्हणून आला तेव्हा विणकाम येतं असं सांगून आला होता. आठ दिवसांत देवाजीच्या लक्षात आलं की जावयाला विणलेलं कापड नेसता येतं, यापलीकडे काही येत नाही. त्याने घर आणि माग मुलीच्या नावावर करून दिले. पुढे भैय्यालाल विणकरांच्या सोसायटीत संचालक झाला. ती सोसायटी बंद पडली, पण तिच्या नावाचा रबरी शिक्का त्याच्याकडे राहिला. आयुष्यात त्याने कमावलेली तेवढीच एक वस्तू, आणि तीही परत करायची राहून गेलेली.

भाड्याचे पैसे येऊ लागले तसा भैय्यालाल पांढरे कपडे घालू लागला. दुर्गाबाईला त्याचं काही वाटलं नसतं. पण त्याला घरमालकी खरोखरच चढली. एक दिवस त्याने पुठ्ठ्यावर नियम लिहून आणले आणि मागाच्या वर खिळा ठोकून टांगले. रात्री दहानंतर दार उघडले जाणार नाही. पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नयेत. भिंतीला तेलकट डोके टेकू नये. दुर्गाबाई दिवसभर विणताना समोर ती पाटी वाचायची.

"हे कोणाले लिहलं वो?" सखाबाईने पहिल्या दिवशी विचारलं.

"भाडेकरूले."

"ते तं कधी येतच नाईत."

"म्हणूनच तं सारे नियम पाळतात ते," दुर्गाबाई म्हणाली आणि धोटा फेकला.

भैय्यालाल दरवर्षी भाडंही वाढवायचा. एकदा उन्हाळ्यात त्याने पाणीटंचाईचं कारण सांगितलं तेव्हा अंकुश दारात उभा राहून वाद घालू लागला.

"भैय्याजी, तुमच्या घरचा पाण्याचा थेंब आमी कधी पेलो का?"

"नाई पेले, ते तुमचं मन. नळ तं होता ना."

"आमी राह्यतच नाई इथं."

"अंकुशबाबू, असं मोठ्यानं बोलत नसतात. लोक आयकतात."

दुर्गाबाई आत बसून हे ऐकायची. एक जण न दिलेली खोली देत होता, दुसरा न घेतलेल्या खोलीत घासाघीस करत होता, आणि दोघेही घाम पुसत होते. याच अंकुशने नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदासाठी सखाबाईला तीनदा परत पाठवलं होतं, कारण तिच्या राहण्याच्या दाखल्यावर तारीख नव्हती. सखाबाई मोहाडीत जन्मली, मोहाडीतच लग्न होऊन राहिली. तिला दाखला मिळत नव्हता, आणि जे एक रात्र राहिले नाहीत त्यांचे दाखले फायलीत नीट लावलेले होते.

दुर्गाबाईने सहा वर्षं हे चालू दिलं, हेही सांगायला पाहिजे. ती नवऱ्याशी भांडली नाही. तो कागदात राहत होता, ती मागावर बसत होती. कागद मागाच्या आड येत नाही तोवर तिला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

तो आड आला धान कापणीच्या दिवसांत, कार्यालयात नवीन अधिकारी आल्यावर. ज्योत्सना मॅडम नाव. त्यांनी हुकूम काढला की कोण कुठे राहतो ते स्वतः जाऊन बघणार. गुरुवारी सकाळी मोहाडी. सहाही जण बुधवारी दुपारी जेवणाच्या सुटीत भैय्यालालकडे धावत आले, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपली खोली आतून पाहिली.

"इथं तं माग आहे," अंकुश म्हणाला.

"मंग? कोष्ट्याचं घर आहे, विमानतळ असन का?" भैय्यालाल म्हणाला. "एका दिवसाचा प्रश्न आहे. हलवून टाकू."

दुर्गाबाई मागावरून उठली नाही. "माग हालत नाई," ती सखाबाईकडे बघत म्हणाली. नवऱ्याला सांगायचं ते ती बहुतेक वेळा सखाबाईला सांगायची. "ताणा चढला आहे. अर्धी साडी आंगावर आहे."

"अवो, एक दिवस."

"सखाबाई, यायले सांग, मागाले हात लावाचा नाई."

हात लावायचा नाही म्हणजे काय, हे भैय्यालालला ठाऊक असायला हवं होतं. त्या मागाची फणी देवाजीने भरली होती, ज्या उन्हाळ्यात जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या उन्हाळ्यात. फणी भरणं म्हणजे ताण्याचा प्रत्येक उभा धागा आधी वहीच्या, म्हणजे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या, दोऱ्यातून आणि मग फणीच्या फटीतून ओढून घेणं. अडीच हजारांवर धागे, करवती किनारीचा क्रम वेगळा, एक चुकला की पुढचे सगळे चुकतात. हे काम आयुष्यात एकदाच करायचं असतं. साड्या विणून झाल्या की कापड फणीच्या पुढून कापतात, म्हणजे जुने धागे वहीत आणि फणीत अडकून राहतात. मग नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचा आणि सगळं पुढे ओढायचं. देवाजीने ओढलेल्या धाग्यांना दुर्गाबाईने चौदा वर्षं असे ताणे जोडले होते. बाप गेला, त्याने भरलेली फणी चालू होती. मोहाडीत तशी फणी भरणारा आता एकच म्हातारा उरला होता, आणि त्याला मोतीबिंदूमुळे ताटातला भात दिसत नव्हता. फणी रिकामी झाली तर माग बंद, एवढी साधी गोष्ट होती.

गुरुवारी सकाळी दुर्गाबाईला भंडाऱ्याला जावं लागलं. तयार साडी व्यापाऱ्याला त्या दिवशीच द्यायची होती. सखाबाई करडी गावी मुलीकडे कापणीला गेलेली. जाताना दुर्गाबाईने मागावर चादर टाकली आणि नवऱ्याकडे बघून पहिल्यांदा थेट बोलली.

"अजी, मागाले हात नोका लावू."

"नाई लावत," भैय्यालाल म्हणाला. तो दाढी करत होता.

तिची बस सुटल्यावर त्याने कात्री काढली.

त्याने मुद्दाम नुकसान केलं असं कोणी म्हणू नये. मुद्दाम करायलाही काही अक्कल लागते. त्याने पुष्कळ विचार केला. बायकोची अर्धी साडी खराब होऊ नये, हा तो विचार. कापडाजवळ कात्री नको म्हणून त्याने फणीच्या आणि वहीच्या मागे, पार ताण्यावर, सरळ रेषेत कापलं. मग कापड पुढे ओढून नीट गुंडाळलं. ते ओढताना कापलेले अडीच हजार धागे वहीतून आणि फणीतून सरसर निघून आले. रिकामी फणी हातात आली तेव्हाही त्याला वाटलं की बरं झालं, आता ती वेगळी ठेवता येईल. ती त्याने लोखंडी कपाटावर ठेवली. खड्ड्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर खाट, खाटेवर गादी. दुसऱ्या खिळ्याला कॅलेंडर. कोनाड्यात एका पेल्यात सहा टूथब्रश उभे केले, सहाही नवे, सहाही एकाच रंगाचे.

मॅडमची गाडी नागपूरहून पावणेबाराला आली. सहा भाडेकरू अंगणात रांगेत उभे होते. मॅडमनी खोली पाहिली, खाट पाहिली, करारनामे हातात घेतले आणि बोटाने मोजलं.

"सहा कुटुंबं. एकूण तेवीस माणसं. आणि खाट एक."

"आमी ॲडजस्ट करतो मॅडम," अंकुश म्हणाला.

"लहान लेकरं आहेत," भैय्यालालने भर घातली.

"कुठे आहेत?"

"शाळेत."

"आणि बायका?"

हा प्रश्न भैय्यालालच्या तयारीत नव्हता. "देवीच्या देवळात," तो म्हणाला. "चौंडेश्वरीले. साऱ्या मिळूनच जातात."

मॅडमनी करारनामे मिटले. त्यांनी घरपट्टीची पावती मागितली. पावती दुर्गाबाईच्या नावाची निघाली. "घर यांचं, तर सही यांची पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "हे लोक कधीपासून इथे राहतात, असं घरमालकिणीने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. आठ दिवसांत माझ्या टेबलावर. नाहीतर सहा वर्षांचा भत्ता वसूल."

देवळाची गोष्ट कानावर पडून फाटकाबाहेर थबकलेली दुर्गाबाई हे शेवटचं वाक्य चालू असताना आत आली. तिने रांग बघितली, गाडी बघितली आणि सरळ खोलीत गेली. खाट, कॅलेंडर, सहा ब्रश. मग कपाटावर हात घालून तिने फणी खाली घेतली आणि उजेडाकडे धरली. फटींतून पलीकडची भिंत स्पष्ट दिसत होती.

भैय्यालाल मागोमाग आला. "साडी शाबूत आहे, पाह्य. धागा वाया नाई जाऊ देला. तुले पुन्हा बांधता येते."

मॅडमची गाडी निघून गेली. सहा जण दारात गर्दी करून उभे राहिले, आणि अंकुशने घसा साफ केला.

"काकू, एक सही लागते फक्त. सहा घरांचा प्रश्न आहे. लेकराबाळांवाले आमी."

"लेकरं देवळात गेली म्हणे."

"बायका गेल्या," भैय्यालालने दुरुस्ती केली.

दुर्गाबाई फणी मांडीवर घेऊन खाटेवर बसली. तिने सहाही जणांकडे नीट पाहिलं. हात पाहिले. मऊ, शाई लागलेले, नखं कापलेली. फणीला चालतील असे हात होते, पाठीचं मात्र सांगता येत नव्हतं.

"सही करतो मी," ती म्हणाली. "जे खरं असन ते लिहतो आणि सही करतो. पण पहिले माही फणी भरून द्या."

"आम्हाले कुठं येते काकू ते?"

"यायले तरी कुठं येते," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "तरी बसतीनच. मी सांगतो तसं करा. खोली तुमची आहे ना? मंग राहा."

अंकुशने बाकीच्यांकडे पाहिलं. "राहिलो म्हणजे खरंच होते मंग," तो हळूच त्यांना म्हणाला. "लिहायले मोकळ्या त्या." त्याला हा तोडगा फार आवडला. सरकारी कामात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असा तोडगा आवडणारच.

पाच जणांनी रजा टाकली. एकाने आजारपणाचा दाखला जोडला. फणी भरायला दोन बाजूंना दोन माणसं लागतात. मागचा धागा शोधून पुढे देतो, पुढचा तारेच्या आकड्याने तो वहीतून आणि फणीतून ओढून घेतो. दुर्गाबाईने फळ्या काढायला लावल्या आणि जोड्या पाडल्या. स्वतः मधे बसली, क्रम सांगत. बापाने तिला तो आकड्यांत शिकवला होता आणि तिला तो पाठ होता. एक वर, दोन खाली, एक सोड. हे सहा जण गणिताने पगार घेणारे होते, पण तीनपर्यंत मोजताना त्यांची तारांबळ उडायची. पहिल्या दिवशी दोनशे धागे भरले. दुर्गाबाईने बोट फिरवून बघितलं आणि सगळे काढायला लावले.

"काहून?"

"अकरावा चुकला."

"एकच ना काकू. चालते."

"तुमच्या ऑफिसात चालत असन."

दुसऱ्या दिवशी करडीहून सखाबाई परत आली. दारात उभी राहून तिने खड्ड्यात बसलेल्या अंकुशला बघितलं, मग डोक्यावरचं बोचकं खाली ठेवलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"काहो साहेब, तारीख कोणती आज?"

"पंधरा."

"माह्या दाखल्यावर टाकून देता का? अन् डावा धागा सोडला तुमी, तो घ्या."

बस पहिल्या संध्याकाळीच चुकली होती. नागपूरचे दोघं खोलीतच झोपले, त्यांचं बघून भंडाऱ्याचेही. मोहाडीत डास किती आहेत, नळ किती वाजता येतो, हे त्यांना नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं. नळाचं पाणी त्यांना प्यावंच लागलं. एकाने थकून भिंतीला डोकं टेकवलं, तर सखाबाईने वरची पाटी वाचायला लावली, मोठ्याने. भैय्यालालला दुर्गाबाईने धाग्याला हात लावू दिला नाही. तो चहा आणायचा. पांढऱ्या कपड्यांवर चहा सांडायचा आणि चहाटपरीवर आता बसायचा नाही, कारण तिथे एकाने विचारलं होतं, "का जी भैय्याजी, भाडेकरू राह्यले आले म्हणते. घरून भांडून आले का?"

आठव्या दिवशी दुपारी शेवटचा धागा आला. दुर्गाबाईने सगळे धागे पुढे गाठीने बांधले, खड्ड्यात उतरली, सखाबाई तिच्या शेजारी बसली. दोघींनी चार बोटं कापड विणलं. किनारीचे दात सरळ उतरले. एका ठिकाणी धागा आडवा गेलेला होता, तो दुर्गाबाईने सुईने काढला, कोणाला काही न सांगता. मग हात पुसले आणि कागद मागितला.

ती सातवी शिकलेली होती. अक्षर मोठं आणि सावकाश. अंकुश खांद्यावरून वाचत होता आणि दुसऱ्या ओळीपर्यंत मान डोलवत होता. तिने लिहिलं की खाली नावे दिलेले सहा जण माझ्या घरी राहिले. मग तारखा घातल्या. गेल्या गुरुवारपासून आजच्या गुरुवारपर्यंत. शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली, की या काळात त्यांनी काम चांगलं केलं.

"काकू, हे काय?" अंकुश म्हणाला. "सहा वर्षं लिहा ना."

"सहा वर्षं तं मी राह्यलो इथं. तुमी आठ दिवस."

"तुमी शब्द देला होता."

"खरं असन ते लिहतो म्हटलं होतं. चुकलं असन तं सांगा, काढून पुन्हा भरतो."

तिने सही केली आणि तो कागद अंकुशच्या हाती न देता सखाबाईकडे दिला, मॅडमच्या टेबलावर नेऊन द्यायला. सखाबाईने तो नेला आणि पोच घेऊन आली. पोचेवर तारीख आहे की नाही ते तिने आधी बघून घेतलं.

वसुली सुरू झाली, पगारातून, हप्त्याहप्त्याने. मॅडमची बदली चार महिन्यांत झाली, त्या काळात त्यांची गाडी रोज नागपूरहूनच येत होती. अंकुशची बदली साकोलीला झाली. तिथे पोचल्यावर त्याने पहिल्या आठवड्यात एक घरमालक शोधला, असं ऐकायला मिळतं. या वेळी त्याने घरपट्टीची पावती आधी बघितली.

भैय्यालालच्या पावत्या बंद झाल्या. पुठ्ठ्याची पाटी दुर्गाबाईने काढली नाही. ती अजून मागावर टांगलेली आहे, तिच्या मागे सखाबाई सुया खोचते. गेल्या पावसाळ्यात सखाबाई महिनाभर आजारी होती, किनारीला दुसरा माणूस नव्हता. भैय्यालाल दोन दिवस दारात घुटमळला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मी बसू का बाजूले? धोटाच तं झेलाचा आहे."

दुर्गाबाईने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग पुन्हा कापडाकडे.

"तुमी भायेरच बसा," ती म्हणाली. "कोणी खोली पाह्यले आलं तं सांगजा, भरली आहे."